लँड्स एंड, सॅन फ्रान्सिस्को: महापौर अ‍ॅडॉल्फ सूट्रो यांच्या किनाऱ्यावरचे दोन दिवस

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या अगदी पश्चिमेला, पॅसिफिक महासागराला लागून असलेल्या कड्यावर, लँड्स एंड नावाचे ठिकाण आहे. गोल्डन गेट राष्ट्रीय करमणूक क्षेत्राच्या अखत्यारीत येणारे तेथील माहिती केंद्र, खालच्या खोलगट भागात पडलेले सूट्रो स्नानगृहाचे, म्हणजे जुन्या सार्वजनिक पोहण्याच्या तलावांचे, अवशेष आणि रस्त्यापलीकडच्या उंचवट्यावरची सूट्रो हाइट्स ही बाग, अशा तिन्ही गोष्टी एका फेरीत पाहता येतात आणि त्यांपैकी कशालाही तिकीट नाही. अमेरिकेत मुलांकडे आलेल्या आपल्याकडच्या आईवडिलांना शहर दाखवताना गोल्डन गेट पूल, लोम्बार्ड रस्त्यावरची वळणे आणि पिअर ३९ एवढेच सहसा दाखवले जाते. माझे मत विचाराल, तर त्यांतले एखादे ठिकाण वगळावे, पण लँड्स एंडसाठी निदान अर्धा दिवस राखावा. मात्र हे ठिकाण नुसते डोळ्यांनी पाहून कळणारे नाही. ज्या माणसाने हे स्नानगृह आणि ही बाग उभारली, त्या अ‍ॅडॉल्फ सूट्रो या शहराच्या एकेकाळच्या महापौराचे आयुष्य थोडेफार ठाऊक असेल तरच समोरच्या काँक्रीटच्या भिंतींना अर्थ येतो, म्हणून हे परीक्षण मी त्या माणसाला सोबत घेऊनच लिहीत आहे.

आमची पहिली भेट वाया गेली. एका खासगी कंपनीच्या शहरदर्शन बसचे पैसे भरून आम्ही उभयता निघालो होतो. त्या बसने आम्हाला कड्यावरच्या वाहनतळावर उतरवले, पंधरा मिनिटांत परत या असे सांगितले आणि खाली दिसणारे ते पाण्याने भरलेले चौकोन म्हणजे जुना पोहण्याचा तलाव, एवढ्या एका वाक्यात विषय संपवला. दाट धुके होते, वारा अंगात शिरत होता, आणि पंधरा मिनिटांत पायऱ्या उतरून परत येणे माझ्या पत्नीच्या गुडघ्यांना शक्य नव्हते. मी पाटबंधारे खात्यात तीस वर्षे काढली आहेत. समुद्रापासून इतक्या जवळ, भरतीच्या रेषेला चिकटून एवढे मोठे हौद बांधणाऱ्याने पाणी आत कसे आणले असेल आणि बाहेर कसे सोडले असेल, हा प्रश्न मनात घेऊनच मी बसमध्ये चढलो. त्या प्रश्नासाठी आम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो. या वेळी कॅलट्रेनने शहरात आणि तेथून ३८ क्रमांकाच्या गिअरी बसने, कोणाच्याही घड्याळाला न बांधलेले असे गेलो. बस शहराच्या पूर्व टोकापासून पश्चिम टोकापर्यंत सरळ जाते. फक्त पाटीवरचा शेवटचा थांबा वाचून चढावे आणि उतरल्यावर समुद्राच्या दिशेने चालत राहावे.

माहिती केंद्र २०१२ साली उघडले. इमारत बसकी आणि साधी आहे, आणि समुद्राकडची बाजू काचेची असल्यामुळे वाऱ्याचा त्रास न होता अवशेषांवर नजर टाकता येते. आत पुस्तकांचे व भेटवस्तूंचे दुकान, गरम कॉफी आणि थोडेफार खाण्याचे पदार्थ मिळतात. स्वच्छतागृहे आहेत, जी खाली अवशेषांपाशी नाहीत. भिंतींवरची जुनी छायाचित्रे ही या जागेची खरी ठेव आहे, आणि ती पाहिल्यावाचून खाली उतरू नये असा माझा आग्रह राहील. छायाचित्रात एक प्रचंड काचमहाल दिसतो. त्याच्या छपराखाली एकामागून एक हौद आहेत, त्यांच्या वर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या प्रेक्षकांच्या बैठका आहेत, आणि पाण्यात व पाण्याच्या काठाने शेकडो माणसे आहेत. मग आपण खिडकीबाहेर पाहतो, आणि त्या सगळ्यातले केवळ पायाचे रेखाटन जमिनीवर उरलेले दिसते.

सूट्रो स्नानगृह १४ मार्च १८९६ रोजी लोकांसाठी खुले झाले. इमारतीची लांबी सुमारे ५०० फूट आणि रुंदी सुमारे २५४ फूट होती, छपराला व भिंतींना मिळून १ लाख चौरस फूट काच लागली होती, आणि एका वेळी १०,००० माणसे सामावण्याची तिची क्षमता सांगितली जात असे. आत सात हौद होते: एक गोड्या पाण्याचा आणि सहा समुद्राच्या पाण्याचे. समुद्राच्या पाण्याच्या हौदांपैकी सर्वांत मोठा समुद्राच्या तापमानालाच ठेवलेला असे आणि बाकीचे कमीअधिक तापवलेले असत. येथील समुद्राचे पाणी उन्हाळ्यातही तेरा-चौदा अंश सेल्सिअसच्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे तापवलेल्या हौदांचे महत्त्व कळते. कपडे बदलण्यासाठी ५१७ खोल्या होत्या. पोहण्याचा पोशाख आणि टॉवेल तेथेच भाड्याने मिळत. त्यासाठी २०,००० पोशाख आणि ४०,००० टॉवेल ठेवलेले होते. नुसते आत जाऊन पाहायला १० सेंट आणि पोहायला २५ सेंट, असा दर होता.

आता पाण्याकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने या जागेचे वैभव तेथे आहे. अवशेषांच्या उत्तर बाजूला समुद्रात घुसलेले एक खडकाळ टोक आहे. त्या टोकाच्या समुद्राकडील अंगाला खडकात एक साठवणकुंड खोदलेले होते. भरतीच्या लाटा खडकावरून उसळून त्या कुंडात पडत, कुंडातले पाणी खडक फोडून काढलेल्या मार्गाने आत येई आणि हौदांकडे उताराने वाहत जाई. समुद्राच्या पाण्याच्या सहा हौदांची एकूण क्षमता सुमारे १७ लाख गॅलन, म्हणजे आपल्या हिशेबाने ६४ लाख लिटरच्या आसपास होती, आणि भरतीच्या वेळी एवढे पाणी तासाभरात भरून होई. मी तेथल्या बाकावर बसून वहीत आकडेमोड केली. तासाला ६४ लाख लिटर म्हणजे सेकंदाला जवळपास १,७८० लिटर, म्हणजेच ६० क्युसेकहून थोडा अधिक विसर्ग. आपल्याकडे एवढ्या विसर्गावर कालव्याची एखादी चांगली वितरिका चालते. आणि हा विसर्ग कोणतेही इंजिन न लावता, कोळशाचा एक तुकडा न जाळता, फक्त चंद्राच्या ओढीवर मिळवलेला होता. ओहोटी असेल त्या वेळेसाठी समुद्रपातळीला एक पंप बसवलेला होता. तो मिनिटाला ६,००० गॅलन उपसत असे, म्हणजे सगळे हौद भरायला त्याला पाच तास लागत. निसर्गाचे एका तासाचे काम यंत्राला पाच तासांचे होते, हा हिशेब मांडूनच ज्याने आधी भरतीची सोय केली आणि मग पंपाची, त्याला पाणी कळत होते यात मला शंका नाही.

खाली उतरायला वाहनतळापासून पायऱ्यांची मोठी रांग आहे. पायऱ्या चांगल्या आहेत, पण संख्येने पुष्कळ आहेत, आणि चढताना वारा समोरून येतो. गुडघे दुखणाऱ्यांनी रस्त्याच्या बाजूने खाली येणारी उताराची पायवाट धरावी. आम्ही तीच धरली आणि काही त्रास झाला नाही. खाली गेल्यावर हौदांच्या कडेच्या भिंतींवरून चालत जाण्याचा मोह होतो आणि तरुण मंडळी तसे चालतातही. ओल आणि शेवाळ यांमुळे त्या भिंती निसरड्या आहेत, आणि कड्यावरून लाटेने माणसे ओढून नेल्याचे इशारे तेथे स्पष्ट शब्दांत लावलेले आहेत. ते इशारे अक्षरशः पाळावेत. उत्तरेच्या खडकाळ टोकातल्या बोगद्यात मात्र जरूर जावे. आत अंधार असतो, बाजूच्या फटीतून खालची लाट खडकावर आदळताना दिसते, आणि तिचा आवाज पोटात घुमतो. त्या आवाजात उभे राहिल्यावर साठवणकुंडाची कल्पना कोणाला आणि का सुचली असेल, हे नकाशाशिवाय समजते.

ती कल्पना सुचलेला माणूस बोगद्यांशी आयुष्यभर झगडलेला होता, आणि माहिती केंद्रातून बाहेर पडताना बहुतेक पाहुण्यांच्या मनात ही बाजू राहत नाही असे मला वाटले. अ‍ॅडॉल्फ सूट्रो यांचा जन्म १८३० साली प्रशियातील आखन शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. १८५० साली, सोन्याच्या शोधात जग कॅलिफोर्नियाकडे धावत होते त्या काळात, ते सॅन फ्रान्सिस्कोला आले. पण सोने खणायला न जाता त्यांनी तंबाखूची दुकाने चालवली. पुढे १८५९ साली नेवाडात कॉमस्टॉक नावाची चांदीची प्रचंड शिरा सापडली, तेव्हा त्यांनी तिकडे जाऊन डेटन गावाजवळ खनिज दळून चांदी वेगळी काढण्याची गिरणी घातली. तेथे त्यांनी जे पाहिले ते मोठे भयंकर होते. खाणी जसजशा खोल जात, तसतसे उकळत्यासारखे गरम पाणी फुटे, हवा विषारी होई, आणि सगळे पाणी व सगळे खनिज शेकडो फूट वर खेचावे लागे.

सूट्रो यांचा उपाय कोणाही पाटबंधारे अभियंत्याला तत्काळ पटेल असा आहे. पाणी वर उपसत बसण्याऐवजी त्याला खालून वाट करून द्यावी. डेटनजवळचे कार्सन नदीचे खोरे खाणींच्या तोंडांपेक्षा कितीतरी खाली होते. त्या खोऱ्यातून डोंगराच्या पोटात सरळ बोगदा मारला आणि त्याला बाहेरच्या बाजूला हलका उतार दिला, तर खाणींतले पाणी आपोआप वाहून जाईल, हवा खेळती राहील, खनिज खालच्या खाली बाहेर काढता येईल, आणि वर आग लागली तर माणसांना निसटायला दुसरी वाट मिळेल. नेवाडाच्या विधिमंडळाने १८६५ साली त्यांना परवाना दिला आणि १८६६ साली अमेरिकेच्या काँग्रेसने तसा कायदा केला. खाणींनी बोगद्याच्या बदल्यात काढलेल्या खनिजावर टनामागे दोन डॉलर द्यायचे ठरले. मग मात्र कॉमस्टॉकवर पकड असलेल्या बँक ऑफ कॅलिफोर्नियाच्या मंडळींना, विल्यम रॅल्स्टन आणि विल्यम शॅरन यांना, या बोगद्यामुळे गिरण्या आणि वाहतूक आपल्या हातून सुटेल हे उमगले. त्यांनी पाठिंबा काढून घेतला आणि भांडवलाची सगळी दारे बंद केली.

७ एप्रिल १८६९ रोजी कॉमस्टॉकवरच्या यलो जॅकेट खाणीत आग लागली आणि निदान ३५ कामगार धुरात गुदमरून किंवा होरपळून मेले. बोगदा असता तर त्यांना वाट मिळाली असती, हे सूट्रो यांनी कामगारांच्या सभेत जाऊन सांगितले. त्यानंतर खाण कामगारांच्या संघटनेने आपल्या कमाईतून ५०,००० डॉलर त्यांच्या हाती ठेवले, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पहिली कुदळ पडली. बँकेने जे नाकारले ते मजुरांनी दिले, ही गोष्ट मला या माणसाच्या चरित्रातली सर्वांत मोलाची वाटते. पुढे त्यांनी किनाऱ्यावर जे केले त्याचे मूळ मी येथे पाहतो. ८ जुलै १८७८ रोजी, जवळजवळ नऊ वर्षांच्या खोदकामानंतर, सुमारे २०,५०० फूट लांबीचा बोगदा सॅव्हेज खाणीला जाऊन मिळाला. शेवटच्या टप्प्यात आतली उष्णता इतकी होती की माणसे फार थोडा वेळ काम करू शकत.

येथेच त्यांच्या आयुष्यातली एक डागाळलेली बाजूही येते, आणि ती झाकणे मला योग्य वाटत नाही. बोगदा पूर्ण झाला तेव्हा कॉमस्टॉकची चांदी ओसरू लागली होती. सूट्रो यांनी आपल्या कंपनीचे समभाग वेळेत विकले आणि ते पैसा घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला परतले. मागे राहिलेल्या भागधारकांच्या हाती फारसे काही लागले नाही. त्या पैशातून त्यांनी शहराच्या पश्चिमेची वाळूची, ओसाड म्हणून कोणी न घेतलेली जमीन विकत घेतली; एके काळी शहरातील बाराव्या हिश्श्याची जमीन त्यांच्या मालकीची होती असे सांगितले जाते. १८८१ साली त्यांनी समुद्रावरच्या उंचवट्यावर घर घेतले, भोवती बाग केली, तीत पुतळे मांडले आणि ती लोकांना पाहायला मोकळी ठेवली. तीच आजची सूट्रो हाइट्स. कड्यावरचे क्लिफ हाउस हे उपाहारगृहही त्यांनी घेतले. ते २५ डिसेंबर १८९४ रोजी जळाले, तेव्हा त्यांनी तेथे १८९६ साली मनोरे आणि कळसांचा भव्य लाकडी महाल उभा केला. तो १९०६ च्या भूकंपातून सहीसलामत सुटला आणि पुढच्याच वर्षी आगीत गेला. आज दिसणारी इमारत सूट्रो यांच्या कन्या डॉ. एमा सूट्रो मेरिट यांनी १९०९ साली बांधलेल्या वास्तूचे रूप आहे. त्यातले उपाहारगृह २०२० च्या अखेरीस बंद झाले आणि आम्ही गेलो तेव्हाही बंदच होते. तेथे जेवणाचा बेत ठरवण्यापूर्वी चौकशी करावी.

सूट्रो महापौर कसे झाले, हे समजून घ्यायचे तर ट्रामच्या तिकिटाकडे पाहावे लागते. बाग फुकट असली, स्नानगृहाचे तिकीट १० सेंट असले, तरी शहराच्या दाट वस्तीपासून समुद्रापर्यंतचे अंतर मोठे होते आणि चाळीवजा घरांत राहणाऱ्या कुटुंबाला तेथवर येण्याचा खर्च परवडला पाहिजे होता. किनाऱ्याकडे येणाऱ्या गाड्या सदर्न पॅसिफिक या बलाढ्य रेल्वे कंपनीच्या कह्यात गेल्या आणि पाच सेंटच्या एकाच भाड्यात शहरातून समुद्रापर्यंत प्रवास करू देण्यास त्यांनी नकार दिला. सूट्रो यांनी त्याविरुद्ध उघड लढा पुकारला, आणि अखेर स्वतःची विजेची ट्राम घालून पाच सेंटांत माणसे आणली. कॅलिफोर्नियात त्या काळी सदर्न पॅसिफिकला अष्टभुज ऑक्टोपस म्हणत, कारण रेल्वेपासून विधिमंडळापर्यंत सगळीकडे तिचे हात पोहोचलेले होते. त्या ऑक्टोपसशी भिडलेला माणूस म्हणून पीपल्स पार्टीने त्यांना उमेदवारी दिली, आणि १८९४ च्या निवडणुकीत सॅन फ्रान्सिस्कोने त्यांना निवडून दिले.

जानेवारी १८९५ ते जानेवारी १८९७ ही त्यांची महापौरपदाची दोन वर्षे मात्र फिकी गेली. महापौराच्या हाती अधिकार थोडे होते, आणि ज्याला आयुष्यभर आपल्या मालकीच्या कामावर आपणच हुकूम सोडायची सवय होती, त्याला समित्यांमधून काम काढून घेणे जमले नाही. रेल्वे कंपन्यांनी सरकारचे कर्ज फेडण्याची मुदत लांबवून घेण्याचा जो प्रयत्न वॉशिंग्टनमध्ये चालवला होता, त्याला विरोध करण्यात त्यांनी बरीच शक्ती घातली. आपल्या मालमत्तेतून १३ एकर जमीन त्यांनी विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी दिली. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे सॅन फ्रान्सिस्कोमधील प्रसिद्ध वैद्यकीय संकुल आज त्याच टेकडीवर आहे. पद सोडल्यानंतर त्यांची प्रकृती आणि स्मृती दोन्ही ढासळली, आणि ८ ऑगस्ट १८९८ रोजी त्यांचे निधन झाले.

स्नानगृहाची आणखी एक कहाणी प्रत्येक पाहुण्याने ऐकावी, विशेषतः आपल्याकडच्या पाहुण्याने. ४ जुलै १८९७ रोजी जॉन हॅरिस नावाचा कृष्णवर्णीय गृहस्थ आपल्या गोऱ्या मित्रांसोबत येथे आला. त्याने पोहण्याचे तिकीट घेतले, मित्रांना पाण्यात उतरू दिले गेले आणि त्याला मात्र अडवण्यात आले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सार्वजनिक ठिकाणी भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा झाला होता. हॅरिसने त्या कायद्याखाली सूट्रो यांच्यावर दावा लावला आणि १८९८ साली न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल देऊन १०० डॉलरची भरपाई देवविली. मजुरांनी दिलेल्या पैशावर ज्याचा बोगदा सुरू झाला आणि गरिबाच्या पाच सेंटांसाठी जो रेल्वेशी लढला, त्याच्याच दारात हे घडले, हे वाचून मी बराच वेळ त्या हौदांकडे पाहत उभा राहिलो. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी सर्वांना खुले असल्याचा नगरपालिकेचा ठराव १९२७ च्या सत्याग्रहाआधीच कागदावर होता. कागदावरचा हक्क पाण्यापर्यंत न्यायला कोणीतरी स्वतः काठावर येऊन उभे राहावे लागते, आणि येथे तो माणूस जॉन हॅरिस होता. सूट्रो यांची थोरवी सांगताना त्याचे नाव गाळले तर सांगणे अपुरे राहते.

स्नानगृह धंदा म्हणून फार काळ फायद्यात चालले नाही. एवढ्या काचा, एवढे लोखंड खाऱ्या वाऱ्यात सांभाळणे आणि हौद तापवणे यांचा खर्च न संपणारा होता. सूट्रो यांच्या नातवाने १९३७ साली मोठ्या हौदाच्या जागी बर्फावर घसरत खेळण्याचे मैदान केले. पुढे मालकी बदलली, इमारत पाडून तेथे उंच निवासी इमारती बांधण्याचे ठरले, आणि पाडकाम चालू असतानाच २६ जून १९६६ रोजी आग लागून उरलेले सगळे जळून गेले. त्या उंच इमारती झाल्या नाहीत, आणि १९८० साली ही जागा राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आली. आज हौदांमध्ये पावसाचे व झऱ्यांचे पाणी साचते, बदके पोहतात, आणि कोणीही, केव्हाही, एक पैसा न देता काठावर येऊन बसते. कोसळलेल्या वास्तू पुन्हा उभारण्याची हौस येथे कोणी केलेली नाही, आणि ते मला फार योग्य वाटले. फक्त खाली अवशेषांमध्ये उभे राहून कोणता हौद कोणता हे ओळखता येणे अवघड आहे. त्यासाठी वरच्या छायाचित्रांतले एखादे मोबाइलमध्ये टिपून घ्यावे आणि भिंतींच्या कोपऱ्यांशी ताडून पाहावे. मी असे केल्यावर मोठ्या हौदाची बाजू आणि लहान हौदांची रांग अगदी स्पष्ट दिसू लागली, आणि पत्नीलाही त्यात गोडी वाटली.

सूट्रो हाइट्सवर फारसा वेळ लागत नाही. सिंहांच्या पुतळ्यांच्या फाटकातून आत गेले की सायप्रसची जुनी झाडे, एक-दोन शिल्पे आणि अगदी टोकाला दगडी कठडा लागतो. घर १९३९ साली पाडले गेले. त्या कठड्यावरून ओशन बीचची लांबच लांब वाळू दक्षिणेकडे पसरलेली दिसते. वाट जवळजवळ सपाट आहे, बाके आहेत, वृद्धांना आणि लहान मुलांना घेऊन जायला ही जागा खालच्या अवशेषांपेक्षा सोयीची आहे. डबा खायला आम्ही येथेच बसलो. माहिती केंद्रात शाकाहारी माणसाला कॉफीबरोबर खाता येईल असे थोडेच मिळते, तेव्हा पोळीभाजी बरोबर असावी.

ज्यांना वाचनाची आवड आहे त्यांनी याच शहरात आणखी एक फेरी करावी. सूट्रो यांनी युरोपातून दोन लाखांहून अधिक ग्रंथ जमवले होते आणि शहरासाठी मोठे ग्रंथालय बांधण्याचे त्यांच्या मनात होते. ते बांधले जाण्यापूर्वीच ते गेले, आणि १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत निम्म्याहून अधिक पुस्तके जळाली. उरलेली वारसांनी १९१३ साली राज्याला दिली, ती सॅन फ्रान्सिस्को शहराबाहेर न नेण्याच्या अटीवर. आज ती सूट्रो ग्रंथालय या नावाने सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या इमारतीत आहेत आणि सर्वसामान्य वाचकांना पाहता येतात.

लँड्स एंडला जाण्याची वेळ निवडताना बहुतेक जण सूर्यास्त पाहतात. मी भरतीचे वेळापत्रक पाहावे असे सांगेन. आमच्या दुसऱ्या भेटीत दुपारी ओहोटी होती, तेव्हा उत्तरेचे खडक उघडे पडलेले दिसले आणि साठवणकुंडाची जागा नीट ओळखता आली. चार वाजल्यापासून पाणी चढू लागले. पायवाटेवर, धोक्याच्या पाट्यांच्या बऱ्याच अलीकडे उभे राहून आम्ही पाहत होतो. प्रथम लाटा खडकाच्या पायथ्याशीच फुटत होत्या, मग हळूहळू मध्यावर येऊ लागल्या, आणि साडेपाचच्या सुमारास पहिली लाट खडकाचा माथा ओलांडून पलीकडे पडली.